जॉइन लावण्याआधी ओळी मोजा

कुणाला जॉइन, म्हणजे डेटाबेसमधली दोन टेबलं एका समान कॉलमवरून जोडणं, शिकवायचा असला की मी आधी कागदावर दोन टेबलं काढतो. डावीकडे ग्राहक, ५ ओळी. उजवीकडे ऑर्डर्स, ७ ओळी, पण त्या सातही तिघांच्याच. दोन्हीकडे ग्राहक_आयडी हा कॉलम आहे. ग्राहकमध्ये तो प्रायमरी की, म्हणजे एक आयडी एकदाच. ऑर्डर्समध्ये तो फॉरेन की, म्हणजे ग्राहकमधल्या आयडीकडे बोट दाखवणारा, तिथे तोच आयडी कितीही वेळा येईल. (टेबलाला नुसतं 'ऑर्डर' नाव देऊ नका, तो एसक्यूएलचा, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेचा, राखीव शब्द आहे.)

सिलेक्ट ग.नाव, ऑ.तारीख, ऑ.रक्कम
फ्रॉम ग्राहक ग
इनर जॉइन ऑर्डर्स ऑ
ऑन ऑ.ग्राहक_आयडी = ग.ग्राहक_आयडी;

(ग आणि ऑ ही टेबलांची छोटी नावं.) रन करण्याआधी सांगा, किती ओळी येतील? ७, कारण इनर दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच ठेवतो. इनरच्या जागी लेफ्ट लिहिलं तर ९, कारण एकही ऑर्डर नसलेले दोघे ग्राहकही येतात आणि त्यांच्या तारीख-रकमेत नल, म्हणजे 'काहीच माहिती नाही', दिसतो. आकडा आधी सांगता येत नसेल, तर टेबलं अजून नीट कळलेली नाहीत.

माझा एक रिपोर्ट इथेच चुकला होता. लेफ्ट जॉइन लावला आणि खाली व्हेअरमध्ये ऑ.तारीखची अट टाकली. ते दोघे गायब! नलशी तुलना केली की उत्तर 'खरं' येत नाही, आणि व्हेअर फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी ठेवतो. म्हणजे लेफ्ट लिहूनही तो इनरच झाला. ती अट ऑनच्या ओळीत अँडने जोडली आणि दोघे परत आले.

याहून घातक चूक बेरजेत होते, कारण ती दिसत नाही. १००० च्या ऑर्डरचे पैसे दोन हप्त्यांत आले असतील, तर पेमेंट्स टेबल जोडताच ती ऑर्डर दोनदा येते आणि सम (बेरीज) २००० दाखवतो. पुष्कळ जण इथे सम डिस्टिंक्ट करतात, म्हणजे सारखी रक्कम एकदाच मोजतात. कृपा करून करू नका. १००० च्याच दोन वेगळ्या ऑर्डर्स असतील तर त्यातली एक बेरजेतून गळते. आधी सबक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत) पेमेंट्सचा ऑर्डर_आयडीवर ग्रुप बाय करा, दर ऑर्डरला एक ओळ होऊ द्या, मग जोडा.

क्वेरी बरोबर आहे पण रखडतेय? फॉरेन कीवर इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन शोधायची सूची, आहे का ते बघा. मायएसक्यूएल या डेटाबेसचं इनोडीबी हे स्टोरेज इंजिन तो आपणहून बनवतं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तो आपल्यालाच बनवावा लागतो.