हरिकेनचा मोसम सुरू होण्याआधी घर कसं तयार ठेवावं

अटलांटिकमधला हरिकेनचा, म्हणजे तिथल्या मोठ्या चक्रीवादळांचा, मोसम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो, आणि त्यातही १० सप्टेंबरच्या आसपास. अमेरिकेतल्या फ्लोरिडा, टेक्सास, लुईझियाना किंवा कॅरोलिनाच्या पट्ट्यात नवीन घर घेतलं असेल, तर पुढची बहुतेक कामं मे महिन्यातच उरका. वादळाची बातमी आली की प्लायवूड आणि पाण्याच्या बाटल्या बघता बघता संपतात, आणि सुतार किंवा छप्परवाला तर फोनही उचलत नाही.

१. आधी पाण्याचा विचार करा, वाऱ्याचा नंतर

हरिकेनला दिलेले कॅटेगरी १ ते ५ हे आकडे फक्त वाऱ्याचा वेग सांगतात. कॅटेगरी ३ म्हणजे ताशी १७८ किलोमीटरपासून पुढे. समुद्राचं पाणी किती चढेल, पाऊस किती पडेल, याबद्दल त्या आकड्यात काहीच नसतं, आणि लोक इथेच फसतात. २०१७ मध्ये हार्वे नावाच्या हरिकेनने टेक्सासमध्ये एका ठिकाणी ६० इंचांहून जास्त पाऊस पाडला. २०२४ मध्ये हेलीनने उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरातली गावं बुडवली, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत. त्यामुळे ‘आपण समुद्रापासून लांब आहोत’ या भरवशावर राहू नका.

काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) संकेतस्थळावर स्वतःचा पत्ता टाकून दोन गोष्टी बघा आणि त्यांची गल्लत करू नका. पहिली म्हणजे इव्हॅक्युएशन झोन. वादळी उधाण आलं, म्हणजे वाऱ्याने समुद्राचं पाणी जमिनीवर चढलं, तर कुणी आधी घर सोडायचं, हे त्यावरून ठरतं. फ्लोरिडात साधारणपणे ‘ए’ झोनला सर्वांत आधी निघायला सांगतात. दुसरी म्हणजे फ्लड झोन, तो विम्यासाठी असतो. फ्लड झोनमध्ये धोका कमी दिसतो म्हणून घर सोडायची गरज नाही, असं मुळीच नाही.

२. विमा

घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं नुकसान धरलेलं नसतं. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि सरकारी योजनेतला विमा लागू व्हायला सहसा ३० दिवस जातात. वादळाचं नाव ऐकल्यावर घेतलेली पॉलिसी त्या वादळाला उपयोगाची नाही.

पॉलिसीतला ‘हरिकेन डिडक्टिबल’, म्हणजे नुकसानीतला तुम्ही स्वतः सोसायचा हिस्सा, हाही आजच वाचा. तो बहुधा ठरावीक रकमेचा नसून टक्क्यांत असतो. घराचा विमा ४ लाख डॉलरचा आणि डिडक्टिबल २ टक्के असेल, तर पहिले ८,००० डॉलर तुमचेच.

मग मोबाइल घेऊन घरभर सावकाश व्हिडिओ काढा. कपाटं, खण उघडून दाखवा, फ्रिजच्या आतलं सीरियल नंबरचं लेबल टिपा. व्हिडिओ फोनमध्येच ठेवू नका, क्लाउडवर चढवा.

३. गॅरेजचं दार

सगळे खिडक्यांकडे बघतात, पण घराचं सर्वांत मोठं आणि बऱ्याचदा सर्वांत कच्चं भोक म्हणजे गॅरेजचं दार. ते आत दबलं की वारा घरात घुसतो आणि छपराला खालून वर ढकलतो. वरून जाणारा वाराही छपराला उचलतच असतो. हे दोन्ही जोर एकत्र आले की छप्पर उडतं. १९९२ मधल्या अँड्र्यू हरिकेननंतर फ्लोरिडात बांधकामाचे नियम कडक झाले, त्यामागे अशीच फुटलेली दारं आणि उडालेली छपरं होती.

दार बंद करून आतून मधल्या पट्टीवर तळहाताने दाबून बघा. पातळ पत्रा हाताखाली चांगलाच दबत असेल, तर वाऱ्यापुढे तो काय टिकणार? आतल्या बाजूला वाऱ्याचा दाब किती पेलतो याचं लेबल आहे का पाहा. नसेल तर आडव्या-उभ्या आधारपट्ट्या बसवून घ्या, नाहीतर दारच बदला. माझ्या मते पैसे मोजकेच असतील तर ते आधी इथे घालावेत.

तसंच बॅटरी घेऊन माळ्यावर चढा. वासे भिंतीवर जिथे टेकतात तिथे लोखंडी पट्ट्या दिसायला हव्यात. नुसते तिरके खिळेच दिसले, तर जाणकार कंत्राटदाराला दाखवा.

४. खिडक्या आणि अंगण

शटर किंवा आघात झेलणारी काच असेल तर उत्तमच. नसेल तर किमान ५/८ इंच जाडीचं प्लायवूड आताच मापाने कापून ठेवा, भोकं पाडा आणि प्रत्येक फळीवर मार्करने लिहा: ‘हॉल, डावी खिडकी, ही बाजू वर’. पाऊस सुरू झाल्यावर या अक्षरांची किंमत कळते. काचेवर चिकटपट्टीची फुली मारू नका, तिने काच वाचत नाही, उलट फुटली की मोठे तुकडे उडतात.

वाळक्या फांद्या मे महिन्यातच छाटा. ऐनवेळी छाटून रस्त्याकडेला रचलेला ढीग वाऱ्याबरोबर कुणाच्या तरी खिडकीवर जातो.

५. साठा आणि वीज

माणशी रोज एक गॅलन पाणी, म्हणजे जवळजवळ पावणेचार लिटर. आठवडाभराचं ठेवलंत तर निर्धास्त राहाल. शिवाय औषधं, रोख पैसे, सेलवरचा रेडिओ.

पेलाभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवा आणि पेला फ्रीझरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं, तर मध्ये सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. ते अन्न फेका. दार उघडलं नाही तर भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास तग धरतो, फ्रिज जेमतेम ४.

जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब चालवा. गॅरेजचं दार उघडं ठेवूनही आत चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. वादळातून वाचलेली माणसं नंतर झोपेत यानेच दगावतात. हा वायू ओळखून इशारा देणाऱ्या डिटेक्टरचे सेल आजच बदला.

६. ‘वॉच’ आणि ‘वॉर्निंग’

वादळी वारे पोहोचण्याच्या सुमारे ४८ तास आधी ‘वॉच’ (हरिकेन येण्याची शक्यता) जाहीर होतो आणि ३६ तास आधी ‘वॉर्निंग’ (हरिकेन येणार असा इशारा). वॉच लागला की फळ्या ठोका, गाडीची टाकी भरा, कागदपत्रं पिशवीत घाला. विजेवरची गाडी असेल तर उंच जागी नेऊन लावा, खाऱ्या पाण्यात बुडालेल्या बॅटऱ्या नंतर पेट घेतात.

हवामानाच्या अंदाजाच्या नकाशावरचा शंकू फक्त वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो. त्याच्या बाहेरही पूर आणि वारा येतो. ‘आपण शंकूबाहेर आहोत’ म्हणून थांबू नका, निघायचा आदेश आला की निघा. शेकडो मैल जायची गरज बहुधा नसते. उधाणाच्या कक्षेबाहेरचं पक्कं घर २०-३० मैलांवरही मिळू शकतं.

घर सोडण्याचा आदेश नसेल आणि थांबणार असाल, तर खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत बसा आणि बाकी खोल्यांची दारं लावून घ्या. पाणी चढायला लागलं तर बाहेर पडायला वाट नसलेल्या माळ्यावर जाऊ नका, २००५ मध्ये कॅटरिनाच्या वेळी कितीतरी जण असेच अडकले. आणि मध्येच वारा एकदम पडला, आभाळ उघडलं, तरी बाहेर येऊ नका. तो वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा शांत मधला भाग असतो. थोड्याच वेळात वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने परत येतो.