'आजी दळायची' हे इंग्रजीत कसं सांगायचं?

माझ्याकडे संध्याकाळी इंग्रजी शिकायला येणाऱ्या बायका 'यूज्ड टू'पाशी हमखास अडतात. मला याची हळहळ वाटते, कारण हे रूप आपल्याला सोपं जायला हवं. आपल्याकडे रीतिभूतकाळ आहेच की! आजी पहाटे उठायची, जात्यावर दळायची: 'माय ग्रँडमदर यूज्ड टू ग्राइंड ग्रेन ॲट होम.' पूर्वी नेमाने व्हायचं आणि आता होत नाही, दोन्ही त्यातच आलं.

म्हणून वाक्य आधी मराठीत म्हणा. 'दळायची', 'जायचो' असं तोंडात आलं की 'यूज्ड टू' आणि पुढे मूळ क्रियापद. ('मला जायचंय' मधलं 'जायचं' वेगळं, तिथे इच्छा आहे.) 'इथे विहीर होती' मध्ये मात्र ही खूण सापडत नाही. तिथे 'पूर्वी' लावून बघा. पूर्वी इथे विहीर होती: 'देअर यूज्ड टू बी अ वेल हिअर.' आजीच्या आठवणी सांगताना पुढच्या वाक्यांत 'शी वुड सिंग' असं 'वुड' चालतं, विहिरीला नाही. 'वुड' वारंवार घडणाऱ्या कृतीलाच लागतं.

आता खरी अडचण. माझी एक विद्यार्थिनी मुलाखतीत म्हणाली, 'आय यूज टू गेट अप ॲट फाइव्ह.' तिला म्हणायचं होतं, मी रोज पाचला उठते. समोरच्यांनी ऐकलं, पूर्वी उठायचे. उच्चार 'यूस्टू' असा होतो, 'डी' ऐकूच येत नाही, त्यामुळे फरक कळायला वाव नसतो. रोजच्या गोष्टीला 'आय युजुअली गेट अप' म्हणा.

आणि सवय सांगायची असेल तर आधी 'ॲम' हवा, क्रियापदाला 'आयएनजी' हवं: 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप ॲट फाइव्ह.' का, तेही आपल्याच भाषेत दिसतं. चहाची सवय, तशी उठण्याची सवय. 'उठणं' इथे नाम झालं. 'आय ॲम यूज्ड टू टी' मधल्या 'टी'च्या जागी 'गेटिंग अप' बसलं, एवढंच.

प्रश्नात आणि नकारात 'डिड' आला की लिहिताना 'डी' गाळा: 'डिड यू यूज टू लिव्ह हिअर?' उच्चार तोच.

आज घरातल्या थोरल्या माणसाला विचारा, पूर्वी इथे काय काय असायचं. त्यातली पाच वाक्यं इंग्रजीत लिहा आणि मोठ्याने वाचा.