एअर फ्रायरमध्ये कुरकुरीत लेगपीस

सगळ्यात आधी एक सांगते, लेगपीस स्किनसकट घ्या, कारण कुरकुरीत होते ती स्किनच, आणि ती ओली असेल तर काहीही करा, मऊच राहणार. म्हणून टिश्यूने दाबून दाबून अगदी कोरडे करा, आणि वेळ असेल तर मीठ लावून रात्रभर फ्रीजमध्ये न झाकता ठेवा (बाकीच्या पदार्थांना लागणार नाहीत असे, खालच्या कप्प्यात), खरंच खूप फरक पडतो.

मग ८ पीसना १ छोटा चमचा बेकिंग पावडर, सोडा नाही हां, सोड्याने चव कडवट होते, सोबत तिखट, मिरपूड, लसूण पावडर आणि १ चमचा तेल, सगळं हाताने नीट चोळून घ्यायचं.

फ्रायर २०० डिग्रीवर ३-४ मिनिटं गरम करून घ्या आणि पीस एका थरात, मधे जागा सोडून ठेवा. एकावर एक रचले तर गरम हवा फिरत नाही आणि चिकन भाजायच्या ऐवजी वाफवलं जातं, त्यापेक्षा दोनदा लावा पण गर्दी नको. १२ मिनिटांनी उलटायचे, परत १०-१२ मिनिटं.

थर्मामीटर असेल तर हाडाला न लावता जाड भागात टोचा, ७४ डिग्रीला चिकन खायला सेफ असतं पण मी ८० च्या पुढे जाऊ देते, लेगपीस तेव्हाच हाडापासून छान सुटतो.

काढल्यावर ५ मिनिटं जाळीवर ठेवा, झाकू नका.