डीएनएची अक्षरं संगणकाला देताना या चुका टाळा

डीएनएच्या फाइलींत सगळ्यात वैतागवाणी चूक कोणती? जिच्यावर संगणक हूं की चूं करत नाही. प्रोग्रॅम चालतो, आलेखही देखणा येतो, उत्तर तेवढं चुकतं.

पहिला घोळ मोजणीचा. जनुक क्रमात कुठून कुठपर्यंत आहे, हे जीएफएफ आणि बेड या दोन प्रकारच्या फाइलींत लिहितात. क्रमातली पहिली दहा अक्षरं जीएफएफ फाइलीत 1 ते 10 अशी लिहितात, बेड फाइलीत 0 ते 10. जीएफएफमधले आकडे जसेच्या तसे बेडमध्ये चिकटवलेत, तर पहिलं अक्षर गळतं. एका अक्षरानं काय होतंय? डीएनएची तीन-तीन अक्षरं मिळून प्रथिनाचा एकेक घटक, म्हणजे अमिनो आम्ल, ठरतं: 'एटीजी जीसीसी' म्हणजे मेथिओनिन, मग अ‍ॅलॅनिन. पहिला 'ए' गेला की वाचन 'टीजीजी'पासून, म्हणजे ट्रिप्टोफॅन, आणि पुढचं सगळं प्रथिन भलतंच. म्हणून रूपांतर करताना सुरुवातीच्या आकड्यातून 1 वजा करा, शेवटचा तसाच ठेवा. मग ओळखीचं एखादं जनुक काढून बघा. जनुकातला प्रथिन ठरवणारा भाग 'टीजी'नं सुरू झाला, तर मोजणी चुकली. शेवटी 'सीएटी' दिसलं, तर जनुक डीएनएच्या दोन धाग्यांपैकी उलट्या धाग्यावरचं आहे आणि तुम्ही क्रम उलटवून पूरक अक्षरं (एऐवजी टी, सीऐवजी जी आणि उलट) घ्यायला विसरलात.

मशीन लर्निंगवाल्यांची आवडती चूक वेगळी, डीएनएच्या चार अक्षरांना सरळ आकडे देण्याची: ए=0, सी=1, जी=2, टी=3. मॉडेलला वाटतं, सी हे ए आणि जीच्या मधलं काहीतरी आहे. असा क्रम निसर्गात नाही. प्रत्येक अक्षराला चार रकाने द्या, त्यातल्या एकातच 1. आणि 'एन', म्हणजे अक्षर माहीत नाही, त्याचं काय? कोडमध्ये अनोळखी अक्षराला 0 दिलंत तर सगळे एन गुपचूप ए होतात. तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या मानवी डीएनएच्या जीआरसीएच38 या संदर्भक्रमात पहिल्या गुणसूत्राची पहिली 10,000 अक्षरं नुसती एन आहेत! एनसाठी चारही रकाने शून्य ठेवा.

क्रमातली इंग्रजी लहान लिपीतली (a, c, g, t) अक्षरं बहुधा पुनरावृत्तीचे भाग दाखवतात. मोजताना ती सुटू देऊ नका. पहिल्या गुणसूत्राचं नाव एका फाइलीत 'सीएचआर1' आणि दुसरीत नुसतं '1' असेल, तर जुळणी शून्य येणारच.

राहिलं एक्सेल. 'मार्च1' (MARCH1) या जनुकाच्या नावाची ते तारीख करतं. 2020 मध्ये जनुकांच्या नामकरण समितीनं हात टेकले आणि जनुकाचंच नाव 'मार्चएफ1' केलं. जुन्या तक्त्यात '1-मार्च' दिसलं तर अंदाजानं दुरुस्त करू नका, मूळ फाइल मागवा. 'मार्क1' (MARC1) असं जुनं नाव असलेल्या दुसऱ्याच जनुकाचीही तीच तारीख होते.