नापाच्या वाइनरीत दुसऱ्यांदा जाताना: तयारी कशी करावी

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात राहणाऱ्या मराठी घरात पाहुणे आले की नापा व्हॅलीची फेरी बहुधा होतेच. सॅन फ्रान्सिस्कोहून तास-दीड तासाची वाट, दुतर्फा द्राक्षबागा, दिवसभरात तीन-चार वाइनरी आणि भरपूर फोटो. पहिल्या वेळी एवढं पुरेसं असतं. पण त्यातली एखादी छोटी, फक्त अपॉइंटमेंटवर चालणारी वाइनरी मनात राहते आणि तिथे पुन्हा जावंसं वाटतं. तसं वाटलं तर जरूर जा, फक्त एक नेमका प्रश्न ठरवून जा. तारीख, वेळ आणि सोबत कोण हे सगळं त्या प्रश्नावरून ठरतं.

१. मागच्या भेटीतलं काय आठवतंय ते लिहून काढा

फोनमधले बाटल्यांच्या लेबलांचे फोटो शोधा. प्रत्येक फोटोखाली वाइनचं नाव, साल (म्हणजे द्राक्षं तोडल्याचं वर्ष) आणि आठवेल ती चव आपल्या शब्दांत लिहा. वाइनच्या पुस्तकी शब्दांची गरज नाही. ‘जांभळासारखी तुरट’, ‘मिरीचा वास’, ‘दुसऱ्या घोटाला जास्त आवडली’ एवढं चालतं. त्या वेळी घेतलेली बाटली घरी असेल तर जाण्याच्या आठवडाभर आधी ती उघडा, म्हणजे जीभ पुन्हा ओळखीची होईल.

२. प्रश्न ठरवा

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सालांचा प्रश्न. एकाच बागेतली, एकाच जातीची द्राक्षं, पण हवामान बदललं की वाइन बदलते. नापात हे फार ठळक दिसतं. सप्टेंबर २०२० मध्ये ग्लास फायर नावाचा वणवा पेटला. धुराचा वास द्राक्षांत उतरल्याने अनेकांनी त्या वर्षी लाल वाइन केलीच नाही. २०२१ हे दुष्काळाचं साल होतं: पीक कमी, दाणे लहान, चव दाट. २०२२ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला तोडणीच्या तोंडावरच उष्णतेची मोठी लाट आली. २०२३ मात्र थंड, लांबलेलं साल, द्राक्षं निवांत पिकली. कॅबरने सॉविन्याँ ही नापाची ओळख असलेली लाल वाइन तोडणीनंतर साधारण अडीच-तीन वर्षांनी विक्रीला येते. त्यामुळे तुम्ही मागे २०२१ ची चाखली असेल, तर पुढच्या भेटीत त्याच बागेची २०२२ किंवा २०२३ ची शेजारी ठेवून चाखता येईल का, हे विचारण्यासारखं आहे.

दुसरा प्रश्न जागेचा. खोऱ्याच्या तळाशी रदरफर्ड, ओकव्हिल हे भाग. डोंगरावर हॉवेल माउंटन. हॉवेल माउंटनच्या बागा १४०० फुटांच्या वर, सकाळच्या धुक्यापेक्षाही उंच असतात. तिथली माती उथळ, दाणा लहान, सालीचा वाटा जास्त आणि म्हणून तुरटपणाही जास्त. तुमच्या वाइनरीकडे दोन्हीकडची द्राक्षं येत असतील तर हा फरक तिथेच समजून घ्या.

३. ऋतू बदला

पहिल्यांदा उन्हाळ्यात गेला असाल तर पुन्हा उन्हाळा नको. जानेवारी ते मार्च वेलींच्या ओळींमध्ये मोहरी पिवळी फुललेली असते, छाटणी चालू असते, गर्दी कमी असते आणि बोलायला माणसांना वेळ असतो. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर तोडणीचा हंगाम. आंबणाऱ्या रसाचा वास अनुभवायचा तर तेव्हाच जावं, पण वाइन बनवणारी व्यक्ती भेटेल ही अपेक्षा ठेवू नका, ती टाक्यांपाशी असते. वार मंगळवार ते गुरुवार, वेळ सकाळची. जीभ तेव्हा ताजी असते.

४. ईमेल लिहा, नुसतं बुकिंगचं बटण दाबू नका

अपॉइंटमेंटची अट कुठून आली हे माहीत असलं की या पत्राचं महत्त्व कळतं. शेतजमीन शेतीसाठीच राहावी म्हणून नापा काउंटीने १९६८ मध्ये कृषी राखीव क्षेत्र ठरवलं, आणि १९९० मध्ये वाइनरी कशाला म्हणायचं याचा कायदा केला. त्यानंतर परवाना मिळालेल्या वाइनरींना आधी वेळ ठरवूनच पाहुणे घेता येतात. किती पाहुणे घ्यायचे याची मर्यादाही परवान्यातच असते. म्हणून चार जणांचं सांगून सहा जण नेणं किंवा न कळवता न जाणं हे तिथल्या माणसांवर अन्यायाचं आहे. न गेलात तर त्यांची जागा वाया जाते आणि दुसरं कुणीतरी मुकतं.

पत्र पाच-सहा ओळींचं असावं. मागे कधी आलो होतो, कोणती वाइन आवडली, या वेळी काय समजून घ्यायचं आहे आणि नेमके किती जण येणार हे लिहा. जुन्या सालची एखादी बाटली चाखायला मिळेल का, त्याचे वेगळे पैसे पडतील का, हेही स्पष्ट विचारा. छोट्या ठिकाणी अशी विनंती मनापासून वाचली जाते. माणशी शुल्क बहुतेक ठिकाणी ५० डॉलर किंवा त्याहून जास्त असतं. बाटल्या घेतल्यास ते माफ होतं का आणि रद्द करण्याची मुदत किती, हे बुकिंगच्या आधीच पाहा.

शाकाहारी असाल तर तेही याच पत्रात लिहा. सोबत येणाऱ्या चीजमध्ये प्राणिज रेनेट (वासराच्या जठरातून काढलेलं, दूध घट्ट करणारं द्रव्य) असू शकतं. लाल वाइन नितळ करायला अंड्यातला पांढरा भाग वापरण्याची जुनी पद्धत आहे, आणि काही वाइनमध्ये माशापासून काढलेला पदार्थही वापरतात. कोणती वाइन अशी प्रक्रिया न करता बाटलीत भरली आहे हे ते सांगू शकतात. हा प्रश्न विचारायला अजिबात संकोचू नका.

५. त्या दिवशी

एकच वाइनरी, फार तर दोन. पाच वाइन प्रत्येकी ४५ मिलीलिटर धरल्या तरी सव्वादोनशे मिलीलिटर, म्हणजे दीड ग्लास होतात. कॅलिफोर्नियात चालकाच्या रक्तातल्या मद्याची मर्यादा ०.०८ टक्के आहे, पण डोंगरातल्या वळणांवर त्याच्या जवळपासही जायला नको. न पिणारा चालक ठरवा किंवा गाडी ठरवून जा. डोंगराच्या बाजूला फोनची रेंज जाते, त्यामुळे परतीची टॅक्सी तिथून बोलावू असं धरून चालू नका. चाखून थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, ते खुशाल वापरा. तिथे त्याचं कुणालाच वावगं वाटत नाही.

पोटभर जेवून जा. अत्तर लावू नका, आणि निघताना तोंडात वेलची किंवा बडीशेप टाकायची सवय त्या दिवसापुरती सोडा, तासभर दुसरी चवच कळत नाही. २१ वर्षांखालच्यांना चाखता येत नाही. मुलं सोबत येऊ शकतात का हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, तेव्हा आधी विचारा.

टेबलावर पहिल्या दोन वाइन शेजारी ठेवायला सांगा आणि मागची टिपणं उघडा. ग्लासमध्ये थोडी शिल्लक ठेवा. वीस मिनिटांनी तीच वाइन पुन्हा चाखली की हवेने काय बदललं ते समजतं.

६. बाटल्या

आवडलेल्या वाइनच्या दोन बाटल्या घ्या: एक यंदा उघडायला, एक चार-पाच वर्षांनी. गाडीत थंड पेटी ठेवा, उन्हाळ्यात बंद डिकीत वाइन शिजते. घरी कुरियरने मागवली तर घेताना २१ वर्षांवरच्या व्यक्तीची सही लागते. भारतात नेणार असाल तर माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना नेता येतं, म्हणजे ७५० मिलीलिटरच्या दोन बाटल्या. त्या चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून, बॅगेच्या मधोमध ठेवा. नाशिकला कुणी वाइनची जाणकार मंडळी असतील तर त्यातली एक त्यांच्यासाठी राखा. नाशिकच्या सुला वाइनरीचे संस्थापक राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकून परतले आणि सुरुवातीला त्यांना सल्ला देणारे वाइनमेकर केरी डॅमस्की कॅलिफोर्नियाचेच, त्यामुळे नाशिकच्या वाइनशेजारी ठेवून चाखायला नापाची बाटली अगदी योग्य आहे.