गॅपनंतर पुन्हा ड्युटीवर जाताना : सिस्टरांसाठी

मुलं शाळेत जाऊ लागली, आता नोकरी धरायची, असं ठरलं की अर्जाच्या आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन काढा आणि तारीख बघा. ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं. ते संपलेलं असेल तर मुलाखत कितीही छान होऊ दे, नेमणुकीची ऑर्डर अडते. सोबत सीएनईचे, म्हणजे नर्सिंगच्या सततच्या शिक्षणाचे, तासही हवेत. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक ५ वर्षांत १५० तासांचा आहे. एका रविवारात ते भरत नाहीत, म्हणून सुरुवात इथूनच. आधारवर सासरचं नाव आणि रजिस्ट्रेशनवर माहेरचं, असं असेल तर तेही आत्ताच एक करून घ्या.

कावीळ ‘बी’चे ३ डोस पूर्वी झाले असतील, पण टायटर (रक्तातलं प्रतिपिंडांचं प्रमाण) कधी तपासला नसेल, तर तपासा. तो १०च्या खाली आला तर एक डोस घेऊन पुन्हा तपासतात. डोसच झाले नसतील तर ०, १ आणि ६ महिने, म्हणजे अर्धं वर्ष गेलं.

आता हात. सलाईन लावणं दोन-चार दिवसांत परत येतं. घात करतं ते गणित. मिलीला ४० युनिटच्या इन्सुलिनला लाल टोपीची सिरिंज, मिलीला १००च्या इन्सुलिनला केशरी. १००चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत भरलं तर अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट जातात आणि पेशंटच्या रक्तातली साखर धाडकन उतरते. टोपीच्या रंगावर विसंबू नका. ती ट्रेमध्ये काढून ठेवली की ओळख गेली. नळीवर छापलेलं वाचा. सलाईनच्या थेंबांचंही तसंच : ५०० मिली ४ तासांत, मिलीला २० थेंबांचा सेट, म्हणजे ५०० × २० ÷ २४०, मिनिटाला ४२ थेंब. हे कागदाशिवाय जमेपर्यंत करा, मुलाखतीत विचारतात.

सीपीआर (हृदय थांबल्यावर छातीवर द्यायचे दाब) पुतळ्यावर सलग २ मिनिटं देऊन बघा : मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंमी. दम तिथे कळतो. हॉस्पिटलच्या कचऱ्याचे नियम २०१६ साली बदलले. सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात.

गॅप लपवू नका, अनुभवपत्राच्या तारखा बोलतातच. लगेच आयसीयू मागू नका. जनरल वॉर्ड घ्या आणि पहिले १५ दिवस जुन्या सिस्टरच्या जोडीने ड्युटी मागा. नाइट कधीपासून लागणार, तेही ऑर्डर घेण्याआधीच विचारा. ‘बघू नंतर’ म्हणजे बहुधा पुढचाच आठवडा.