आणीबाणीतला अंक कसा वाचायचा

1975 ते 77 मधल्या वर्तमानपत्रांचा बांधीव खंड हाती आला की बहुतेक जण आधी कोऱ्या जागा शोधतात. त्या फार थोड्या सापडतात, त्याही पहिल्या काही दिवसांतल्या. 28 जून 1975 ला ‘इंडियन एक्स्प्रेस’नं अग्रलेखाची जागा रिकामी सोडली. मग सूचना आल्या : जागा कोरी ठेवायची नाही, आणि तिथं गांधीजींची किंवा टागोरांची वचनंही घालायची नाहीत. यानंतरच्या अंकांत कात्री लागलेली दिसत नाही, कारण पडलेलं भोक दुसऱ्या मजकुरानं बुजवलेलं असतं. अशा अंकातून काय गेलं ते एकट्या अंकाकडे बघून कळणार नाही. शेजारी दुसरा कागद ठेवून मोजावंच लागतं.

सुरुवातीला काळाचे तुकडे पाडून घ्या, कारण सगळे एकवीस महिने सारखे नाहीत. 25 जूनच्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज तोडली गेली. तिथल्या पेपरांचे त्यानंतरचे अंक खंडात नसले तर ग्रंथालयाला दोष देण्याआधी हे आठवा. 26 जूनला पूर्वतपासणीचा, म्हणजे मजकूर छापण्याआधी सेन्सॉरला दाखवण्याचा, आदेश निघाला. 8 डिसेंबर 1975 ला आक्षेपार्ह मजकुराविरुद्धचा वटहुकूम आला आणि 1976 मध्ये त्याचा कायदा झाला. प्रेस कौन्सिल बरखास्त करणारा आणि संसदेच्या कामकाजाच्या वार्तांकनाला असलेलं संरक्षण काढून घेणारा असे दोन वटहुकूमही त्याच सुमाराचे. 18 जानेवारी 1977 ला निवडणुकीची घोषणा झाली आणि पकड सैल पडत गेली. 21 मार्च 1977 ला आणीबाणी उठली. डिसेंबर 1975 च्या आधीचा आणि नंतरचा अंक एकाच तागडीत टाकू नका. नंतरच्या काळात संपादकाच्या डोक्यावर सेन्सॉर होताच, शिवाय कायदाही होता. आपली आपणच कात्री लावण्याचं प्रमाण तपासायचं असेल तर हाच काळ घ्या.

आता मोजमाप. एक आठवडा निवडा, सलग सहा किंवा सात अंक. तीन वर्तमानपत्रं घ्या : एक इंग्रजी, एक मोठं मराठी, एक जिल्ह्याचं. त्याच पेपरांचा 1974 मधला तोच आठवडा तुलनेसाठी घ्या. हा तुलनेचा आठवडा निवडताना घोटाळा होतो. मे 1974 मध्ये देशभर रेल्वेचा संप होता, त्यामुळे तो महिना तुलनेला घेतला तर 1976 चा मे उगाच मुका वाटेल. असा मोठा प्रसंग आडवा येत असेल तर दोन आठवडे मागेपुढे सरका किंवा 1973 घ्या.

वहीत प्रत्येक बातमीसाठी एक ओळ, आणि त्या ओळीत तारीख, आवृत्ती, पान, मथळा किती कॉलमी, लांबी, बातमी कोणाची (वार्ताहर, वृत्तसंस्था की सरकारी पत्रक), आणि आत बोलणारा माणूस कोण. शेवटचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण सगळ्यात जास्त तोच बोलतो. बातमी संपाची असो, दरवाढीची असो की पुराची, त्यात मंत्री आणि अधिकारी सोडून तिसरा कोणी बोलला का, एवढंच लिहा. शंभरेक ओळी झाल्या की 1974 च्या वहीशी ताडून पाहा.

लांबी कॉलम सेंटिमीटरमध्ये (एका कॉलमच्या रुंदीत किती सेंटिमीटर उंची) मोजायची, पण फक्त कागदी अंकावर. मायक्रोफिल्मवर फूटपट्टी निरुपयोगी, कारण प्रत्येक रिळाचं लहानमोठं करण्याचं प्रमाण वेगळं असतं. तिथं ‘पाऊण कॉलम’, ‘पानाचा आठवा हिस्सा’ असं लिहा आणि दोन्ही मापं एका तक्त्यात मिसळू नका. अंकाची एकूण पानंही रोज टिपा. सहा पानी अंकातला चार कॉलमी मथळा आणि दहा पानी अंकातला तसाच मथळा यांचं वजन सारखं नसतं. डाक आवृत्ती (बाहेरगावी जाणारी, आधी छापलेली) आणि नगर आवृत्ती (शहरातली, उशिरा छापलेली) वेगळ्या नोंदवा. रात्री उशिरा आलेला ‘ही बातमी नको’ हा फोन डाक आवृत्ती सुटल्यावर आला असेल, तर एकीत बातमी आणि दुसरीत तिच्या जागी भरताड असं दिसू शकतं. दोन्ही आवृत्त्या एकाच संग्रहात क्वचित मिळतात. मिळाल्या तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्या पाहा.

शेजारी ठेवायचा पहिला कागद म्हणजे संसदेचं छापील कामकाज. 21 जुलै 1975 ला सुरू झालेलं अधिवेशन यासाठी उत्तम. वार्तांकनाला परवानगी होती ती मंत्र्यांची निवेदनं, बाजूनं आणि विरोधात बोलणाऱ्या सदस्यांची नावं व पक्ष, आणि मतदानाचा निकाल एवढ्याचीच. विरोधी सदस्य काय बोलले ते छापायचं नव्हतं. लोकसभेच्या कामकाजाचे खंड छापील आणि डिजिटल दोन्ही मिळतात. एका दिवसाचं कामकाज उघडा, भाषणांची यादी करा आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात प्रत्येकापुढे खूण करा : फक्त नाव, एखादं वाक्य, की काहीच नाही. मात्र त्या अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तासच नव्हता. तिथली शांतता पेपरांच्या खात्यावर मांडू नका.

दुसरा कागद न्यायालयाचा. मुंबईचे सेन्सॉर बिनोद राव विरुद्ध मिनू मसानी हा मुंबई उच्च न्यायालयाचा फेब्रुवारी 1976 चा निकाल (78 बॉम्बे लॉ रिपोर्टर 125) मिळवा. मसानी संपादक असलेल्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातला नाकारलेला मजकूर न्यायालयानं एकेक करून तपासला. म्हणजे नेमकं काय अडवलं, याची सुटी सुटी नोंद आयती हाती येते. एरवी ती मिळणं कठीण, कारण बऱ्याच सूचना तोंडी, फोनवर दिल्या जात. आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचे 1978 मधले तीन अहवाल आणि प्रसारमाध्यमांच्या गैरवापरावरची ऑगस्ट 1977 ची सरकारी श्वेतपत्रिका यांत जे लेखी उरलं ते आहे. गाळलेल्या प्रत्येक बातमीमागे कागद सापडेल, ही अपेक्षा सोडा.

बातमीच्या कपाळावरची वृत्तसंस्थेची खूण वाचत चला. फेब्रुवारी 1976 पासून पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती यांची मिळून ‘समाचार’ ही एकच संस्था झाली. तोवर एका घटनेचे दोन मजकूर पडताळता येत, पुढे सगळीकडे एकच. तीन पेपरांत शब्दशः तेच वाक्य दिसलं की आपण तीन साक्षीदार धरतो, प्रत्यक्षात तो एकच असतो. तारखेशिवाय मिळालेल्या सुट्या कात्रणाचा काळ ठरवायलाही ही खूण कामी येते.

जाहिराती वगळू नका. जून 1975 च्या अखेरीस ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या मुंबई आवृत्तीत लोकशाहीच्या निधनाची वार्ता छोट्या जाहिरातीतूनच छापून आली. सेन्सॉरची नजर बातम्यांवर होती, निधनवार्तांवर कोण कशाला ठेवील? सरकारी जाहिरातींची जागा महिन्यामहिन्याला वेगळी मोजा. वर्तमानपत्रांची मित्र, विरोधी, तटस्थ अशी वर्गवारी करून जाहिराती दिल्या आणि तोडल्या जात होत्या. एखाद्या पेपराचं सरकारी जाहिरातींचं माप अचानक घसरलं तर त्याच्या आधीच्या पंधरवड्यातले अग्रलेख काढून वाचा.

प्रचाराची भाषा ओळखायला फार खोल जावं लागत नाही. ‘अनुशासन पर्व’ (आणीबाणीचं गौरवानं घेतलेलं नाव), ‘वीस कलमी कार्यक्रम’ (सरकारचा आर्थिक कार्यक्रम) हे शब्द किती वेळा आले ते मोजा, पण नुसत्या आकड्यावर थांबू नका. ते कोणत्या बातमीत घुसले आहेत ते पाहा. 1 जुलै 1975 ला जाहीर झालेल्या वीस कलमांचं कौतुक सहकारी संस्थेच्या सभेच्या बातमीत आलं, तर ते वार्ताहराचं की संपादकाच्या सावधपणाचं हे सांगता येत नाही. तिथं ‘माहीत नाही’ लिहा. कुटुंबनियोजनाच्या बातम्यांत उद्दिष्टाचे आकडे भरपूर, शस्त्रक्रिया झालेला माणूस मात्र बोलतो का, ते बघा. 1976-77 मध्ये देशात सुमारे 80 लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. एवढ्या माणसांपैकी किती जणांचं म्हणणं तुमच्या आठवड्यात छापलं गेलं, हे शेवटच्या रकान्यावरून मोजता येतं.

नेहमी फसवणाऱ्या गोष्टी तीन-चार आहेत. बांधणीत आतला समास कापला जातो किंवा पुरवणी काढून टाकलेली असते आणि वाचणाऱ्याला ती सेन्सॉरची करामत वाटते. छायाचित्राचा ठसा न उठल्यामुळे राहिलेली पांढरी चौकटही तशीच. दुसरी प्रत पाहिल्याशिवाय असल्या जागेची नोंद करू नका. परदेशी पेपर ताडून पाहायला चांगले, पण दिल्लीतून बातमीदार घालवून दिल्यावर त्यांतही ऐकीव मजकूर शिरला. आणि 1977 नंतरच्या आठवणी. त्यांत जवळपास प्रत्येक संपादक लढलेला असतो. आठवण वाचली की तारीख विचारायची आणि त्या तारखेचा अंक काढायचा.

वहीत तीनच खुणा वापरा : ‘कापल्याचा कागद आहे’, ‘इतरत्र आहे, इथं नाही’ आणि ‘माहीत नाही’. तिसरी खूण निम्म्याहून जास्त ओळींपुढे आली तर वही नीट चालली आहे असं समजा. पहिल्याच आठवड्यात पहिली खूण भराभर पडू लागली तर त्या ओळी परत तपासायला घ्या.